दीड मीटर

फेब्रुवारी २०२४च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच फोटो फिरत होता. एका बाजूला अंधेरीचा नवाकोरा गोखले पूल, दुसऱ्या बाजूला जुना बर्फीवाला पूल, आणि दोघांच्या मध्ये चक्क पायरी. पूर्वी हे दोन पूल एकमेकांना जोडलेले होते. पूर्वेकडून निघालेली रिक्षा खाली न उतरता थेट जुहूच्या दिशेने निघून जायची. आता नवा पूल जुन्याच्या दीड-दोन मीटर वर येऊन थांबला होता. ‘मीटर डाऊन, पूल अप’ असं कुणीतरी फोटोखाली लिहिलं, दुसऱ्याने रिक्षाला शिडी चिकटवली. मी पोटभर हसले आणि फोटो मामेभावाला पाठवून दिला. तो खानदेशात असतो आणि मुंबईची फजिती झाली की त्याचा दिवस बरा जातो.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. ‘आपल्या दुकानापुढे इतकी वर्षं असंच आहे की. आपला फोटो कोणी काढला नाही.’

पुढे हसरा चेहरा होता, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही. रात्री भांडी घासताना ते वाक्य परत आलं.

अंधेरीकराला पूर्व-पश्चिम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझं घर पूर्वेला, बँक पश्चिमेला, सासूबाईंच्या गुडघ्याचे डॉक्टर पश्चिमेला, चांगली कोथिंबीर पूर्वेला. मधून पश्चिम रेल्वेचे रूळ. ते ओलांडायला गोखले पूल, नाहीतर उत्तरेकडचा सबवे, ज्याचं जूनच्या पहिल्या दणक्यात तळं होतं आणि ज्याच्या तोंडाशी पोलीस दोरी बांधून उभे राहतात.

३ जुलै २०१८. सकाळी साडेसातचा सुमार, धो धो पाऊस. गोखले पुलाचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला. पाच जण जखमी झाले, त्यातले दोघं पुढे दगावले. चंद्रशेखर सावंत या मोटरमननी ब्रेक लावून लोकल अलीकडेच थांबवली, म्हणून आकडा तिथेच राहिला. मी तेव्हा डबा भरत होते. साडेआठला मी त्याच पुलाच्या त्याच कडेने चालत जायची, रोज. त्या दिवशी डबा घरीच खाल्ला.

मग तपासण्या झाल्या, अहवाल आले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ला अख्खा पूल वाहतुकीला बंद झाला. १९७५ साली बांधलेला, म्हणजे वयाने माझ्याहून थोडासाच मोठा. त्यानंतरचे पंधरा-सोळा महिने काय झालं ते अंधेरीच्या बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पश्चिमेला जायचं म्हटलं की रिक्षावाला मान फिरवायचा. विलेपार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावरून जा, नाहीतर जोगेश्वरीवरून. सासूबाईंना दहा मिनिटांच्या डॉक्टरकडे न्यायला तासभर. शेवटी त्यांनीच फतवा काढला, ‘गुडघा राहू दे तसाच, पूल झाला की दाखवू.’ आणि खरोखरच तसं केलं.

मी स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत जाऊ लागले. तेवढं बरं झालं, कारण त्यामुळे पूल होताना बघायला मिळाला. आधी जुना पूल रात्री-रात्री कापून उतरवला गेला, मग कित्येक दिवस तिथे नुसतं आकाश. दादरला जायचं असलं की लोकल तिथून जाताना बायकांच्या डब्यात सगळ्या सवयीने वर बघायच्या आणि वर काहीच नसायचं.

याच काळात आमच्या मजल्यावर पेइंग गेस्ट म्हणून एक मुलगा राहायला आला. अमरावतीकडचा, सिव्हिल इंजिनीअर, रेल्वेवरच्या पुलांचीच कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला. गोखले पुलाशी त्याचा संबंध नव्हता, त्याची साइट दुसरीकडे होती. पण रात्री दहाला हेल्मेट घेऊन निघायचा आणि सकाळी मी दूध घ्यायला दार उघडायची तेव्हा चिखलाच्या बुटांनी परत यायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, बिचाऱ्याला रात्रपाळी. मग एकदा चहाला बोलावलं तेव्हा म्हणाला, ‘काकू, रात्रपाळी नाही, ब्लॉक. आमची नोकरी तीन तासांची आहे. बाकीचा वेळ आम्ही त्या तीन तासांची वाट बघतो.’

शेवटची लोकल गेली की पहिली येईपर्यंतचा वेळ, तो ब्लॉक. तो मागावा लागतो, महिनोन्महिने आधी, आणि मिळाला तर मिळाला. रूळ तुमच्या ताब्यात, त्याला ट्रॅफिक ब्लॉक म्हणायचं. वरच्या तारांतली वीज बंद, तो पॉवर ब्लॉक. वीज बंद केली म्हणून लगेच कामाला लागायचं नाही. आधी दांडा लावून तार जमिनीशी जोडायची, अर्थिंग, मगच माणूस वर. २५ हजार व्होल्टची तार असते ती. या सगळ्यात तीन तासांतला अर्धा-पाऊण तास जातो. शेवटी पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवून, अवजारं मोजून, रूळ परत करायचे. उशीर झाला तर त्याला ‘ब्लॉक बर्स्ट झाला’ म्हणतात. हे सांगताना त्याने आवाज खाली आणला होता, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

‘म्हणजे रुळांवर एक पाना राहिला...’

‘पाना सोडा काकू, एक नट राहिला तरी झोप लागत नाही.’

त्याच्याचकडून कळलं की चालत्या लाईनीवर गर्डर, म्हणजे पुलाची लोखंडी तुळई, चढवायचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या असतात. मला ते खरं वाटेना. रुळांवरच्या लोखंडाला विमानखात्याची परवानगी! पण मग विचार केला, ज्याचं काम तपासायचं त्याच्याच हाताखाली तपासणारा नको, एवढं शहाणपण कुणालातरी सुचलं होतं. आमच्या बँकेतसुद्धा ते दर वेळी सुचतंच असं नाही.

गोखले पुलाचा पहिला गर्डर २ डिसेंबर २०२३च्या रात्री रुळांवर सरकवायला घेतला. सुटे भाग अंबाल्याच्या कारखान्यातून आलेले, इथे पूर्वेच्या बाजूला उंच आधारांवर जोडलेले. लांबी नव्वद मीटरच्या आसपास, वजन सुमारे तेराशे टन. तेराशे टन म्हणजे किती, हे मला कळत नाही, पण त्यानंतरच्या आठवड्यात लोकलच्या खिडकीतून तो डोक्यावर दिसला तेव्हा आमच्या डब्यातली भाजी निवडणारी एक बाई निवडायची थांबली. पुलाला पूल म्हणावं असं त्याच्यात अजून काही नव्हतं, नुसतं लोखंड, आणि खालून दर तीन मिनिटांनी गाडी. वर नेऊन ठेवलेला तो गर्डर मग सुमारे साडेसात मीटर खाली उतरवायचा होता. तेही ब्लॉकमध्येच, जॅकवर, इंचाइंचाने. आईने बाळाला झोपवून पाळण्यात ठेवावं, तेवढ्या बेताने.

आणि २६ फेब्रुवारीला एक बाजू उघडली, तर ही पायरी.

फोटो दाखवला तेव्हा तो मुलगा हसला नाही. त्याने माझ्या ओट्यावरचे तीन डबे ओढले. चहाचा डबा म्हणजे लोकल. ‘रुळाच्या वर साधारण साडेसहा मीटर मोकळे सोडायचे. गाडी, तार, तारेच्या वरची हवा. इथे कुणाशी घासाघीस नाही, मुख्यमंत्री असू दे नाहीतर कोणी.’ मग त्यावर पोळपाट आडवा ठेवला. ‘हा गर्डर आणि वरचा स्लॅब. दोनेक मीटर. म्हणजे रस्ता कुठे आला? साडेआठ मीटरवर. तीन मजली घराच्या गच्चीत. आता तिथून जमिनीवर यायचं.’ त्याने लाटणं पोळपाटाला तिरकं टेकवलं. ‘तीसला एक उतार धरा. तीस मीटर पुढे जाल तेव्हा एक मीटर खाली याल. साडेआठ गुणिले तीस?’

‘दोनशे पंचावन्न.’ बँकेत आहे मी.

‘एका बाजूला. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच. म्हणजे वीस-पंचवीस पावलांचे रूळ ओलांडायला अर्धा किलोमीटरचा रस्ता. आता हा पोळपाट दीड मीटर वर घ्या.’ त्याने पोळपाटाखाली हळदीची डबी सरकवली. लाटणं घसरून खाली पडलं. ‘जुना पूल बांधला तेव्हाचा नियम वेगळा, आताचा वेगळा. नव्याला उंच व्हावंच लागलं. आणि बर्फीवाला जिथे होता तिथेच राहिला.’

‘पण हे आधी कळलं नाही का?’

यावर त्याने खांदे उडवले आणि बिस्कीट घेतलं. मला त्याचं उत्तर पटलं नाही, आजही पटत नाही. उंची नियमाने वाढली हे खरं. पण नव्याची उंची नकाशावर लिहिली जात असताना शेजारच्याची कुणीतरी विचारायला हवी होती. तेवढ्यासाठी माझं लाटणंसुद्धा पुरलं असतं. पण लाटणं जिथे पडलं होतं तिथे मी बघत राहिले, कारण तिथे मामांचं दुकान होतं.

मामांचं गाव मुंबई–भुसावळ लाईनवर. गावाच्या मधोमध रेल्वे. १८६०च्या दशकात ती इकडे आली, त्याआधीपासून बाजाराची वाट तिथूनच जात होती. म्हणजे ‘आधी रेल्वे, मग रस्ता’ हे म्हणायला सोपं आहे, खरं तर आधी बैलगाडीची चाकोरी होती. रेल्वेने ती कापली आणि बदल्यात फाटक दिलं. आम्ही लहानपणी मे महिन्यात तिथे जायचो तेव्हा फाटक हेच गावचं थिएटर. फाटक पडायला लागलं की घंटी वाजायची आणि कुणीतरी पोरगं ओरडायचं, ‘फाटक लागनं रे भो!’ की आम्ही चपला न घालता पळत सुटायचो.

गेटमनकाका हँडल फिरवून दांडा खाली आणत. त्याआधी त्यांच्या खोलीतला फोन वाजलेला असे, स्टेशन मास्तरांशी एक आकडा बोलून झालेला असे, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो वहीत लिहायचा. मग फाटक, मग कुलूप, आणि कुलूप नीट बसल्याशिवाय सिग्नल पडतच नसे. मला तेव्हा वाटायचं की हावडा मेल आमच्या गेटमनकाकांना विचारून जाते. एका अर्थी ते खरंच होतं. मालगाडी आली की आम्ही डबे मोजायचो. कोळशाची असली की अठ्ठावन्न. एखादा सत्तावन्न म्हणाला की भांडण, आणि पुरावा तर निघून गेलेला.

मामांचं हॉटेल फाटकापासून दोनशे-सव्वादोनशे पावलांवर होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चहाची भट्टी आणि भज्यांची कढई. शिवाय पुढे काचेची बरणी, तिच्यात नानकटाई. फाटकाच्या अगदी तोंडाशी शेंगा आणि पेरू विकणाऱ्या बायांचा मान. मामा मागे होते, पण मामांचं गणित त्यामुळेच बसलं होतं. घंटी ऐकू आली की ते कढईत घाणा सोडत. घाणा तळून निघेपर्यंत ट्रकांची, एसट्यांची, बैलगाड्यांची रांग वाढत वाढत नेमकी दुकानापर्यंत आलेली असे. ड्रायव्हर दार उघडतो तोच समोर गरम भजी. दिवसातून किती गाड्या जातात त्यावर आमच्या मामेभावाची शाळेची फी ठरलेली. एखादी एक्स्प्रेस लेट झाली आणि तिच्या मागे मालगाडी काढली की दोन घाणे. मामी देवाला हात जोडताना काय मागत असेल कुणास ठाऊक, पण पंजाब मेल वेळेवर यावी असं नक्की मागत नसणार.

हे सगळं ज्यांना फाटकात अडकावं लागे त्यांच्यासाठी अर्थातच शाप होता. गावचा दवाखाना पलीकडे. बाळंतपणाच्या बाईला घेऊन आलेला टेम्पो फाटकात उभा, आणि मालगाडी सिग्नलला थांबलेली, फाटकावरच. असं झालेलं मी पाहिलं आहे. त्या वेळी मामा कढईपाशी नव्हते, टेम्पोपाशी होते, हातात पाण्याचा तांब्या. तेव्हा फाटकाच्या नावाने गळा काढायला मी इथे बसलेली नाही. पूल हवाच होता.

पूल मंजूर व्हायच्या आधी एक माणूस वही घेऊन फाटकाशी बसला होता, म्हणे. तेव्हा रेल्वेचा एक हिशेब असे. चोवीस तासांत किती गाड्या जातात, रस्त्यावरून किती वाहनं जातात, त्यांचा गुणाकार. तो लाखाच्या वर गेला की फाटकाच्या जागी पुलाचा विचार होई आणि खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा वाटून घेत. मोटारीला एक गुण, बैलगाडीला एक, रिक्षाला अर्धा. पायी चालणाऱ्याला काही नाही. डोक्यावर पेरूची पाटी घेऊन दिवसातून आठ वेळा रूळ ओलांडणारी बाई त्या गुणाकारात शून्य. शून्याने गुणलं तर काय होतं ते आपण तिसरीत शिकतो.

कामाची वाटणीही ठरलेली. रुळांवरचा तुकडा रेल्वे बांधणार, दोन्हीकडचे चढ राज्याचं खातं. मामांच्या गावात रुळांवरचा तुकडा आधी झाला आणि मग साडेतीन वर्षं तसाच हवेत उभा राहिला, मागे-पुढे काही नाही. कुठल्या खात्याची जमीन, कुठल्या टेबलाची सही, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. गावातली पोरं त्याला ‘टेबल’ म्हणत. बसस्टँडवर कुणी पत्ता विचारला तर ‘टेबलाच्या अलीकडे’ असं सांगत.

मग एका उन्हाळ्यात चढाचं काम सुरू झालं. चढ सुरू होतो ती जागा आणि मामांचं दुकान यांत अंतर किती, हे मी त्या रात्री मामेभावाला फोन करून विचारलं. ‘आता रात्री साडेअकराला?’ म्हणाला, पण सांगितलं. ‘बापूंच्या पिठाच्या गिरणीपाशी चढ लागतो. तिथून आपण चाळीस-पन्नास पावलं.’

पंचेचाळीस मीटर धरा. भागिले तीस. दीड.

मी कॅल्क्युलेटर बंद करून ओट्याशी उभी राहिले. दीड मीटर म्हणजे माझ्या डोळ्यांपर्यंत येईल एवढी भिंत. दुकानापुढे काँक्रीटची ती भिंत उभी राहिली तेव्हापासून मी तिथे तीनदा गेले असेन. तिन्ही वेळा ‘काय हे मामा’ असं म्हणून आत जाऊन बसले. कधी मोजावंसं वाटलं नाही. भिंत आणि दुकानं यांच्यामध्ये आठ फुटांची बोळ सोडली आहे, तिला कागदावर सर्व्हिस रोड म्हणतात. तिच्यातून एक मोटारसायकल आली की दुसरीने नाल्यात पाय टेकायचा. फाटक कायमचं बंद झालं, गेटमनकाकांची खोली पाडली, पायी माणसांसाठी थोडं पुढे एक बोगदा केला. पावसाळ्यात त्यात घोटाभर पाणी, आणि पावसाळा संपल्यावरही दिवाळीपर्यंत तेवढंच. त्यामुळे पेरूवाल्या बाया अजून रूळ ओलांडूनच जातात, पूर्वी निदान गेटमनकाका ओरडायचे तरी.

त्या वर्षी मामांना विचारलं होतं, धंदा कसा आहे. ते म्हणाले, ‘काय सांगू माय, गिऱ्हाईक सगळं डोक्यावरून जातं.’ मी हसले होते. मामा विनोद करत होते असंच मला वाटलं होतं.

इकडे अंधेरीत बर्फीवाला पुलाचं काय करायचं यावर बराच खल झाला. पाडायचा का, तोडून नवा उतार द्यायचा का. व्हीजेटीआय या मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या आणि आयआयटीतल्या तज्ज्ञांना विचारलं गेलं आणि ठरलं की बर्फीवाल्यालाच उचलायचं. खाली हायड्रॉलिक जॅक लावायचे, थोडं उचलायचं, खाली आधार भरायचा, पुन्हा थोडं उचलायचं. एका बाजूने १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ६५०. मला तो आकडा फार आवडला. तेराशे सत्त्याण्णव. चौदाशे म्हणायचीसुद्धा सोय नाही, तीन मिलिमीटर जास्त उचललं तर काही तडकणार. घरात फरशी बदलली तेव्हा आम्ही गोदरेजचं कपाट असंच उचललं होतं, एका कोपऱ्याखाली पाटा, मग दुसऱ्या कोपऱ्याखाली, आणि आतल्या आरशाला तडा गेला तो गेलाच. इथे अख्खा पूल होता. ४ जुलै २०२४ला दोन्ही पूल पुन्हा जोडले गेले आणि त्या संध्याकाळी मी मुद्दाम रिक्षा केली. जोड कुठे आहे ते कळतं का म्हणून श्वास रोखून बसले होते. रिक्षावाला म्हणाला, ‘मॅडम, झाला पास.’ दुसरी बाजूही मे २०२५मध्ये उघडली, सासूबाईंचा गुडघा दाखवून झाला, आता त्या म्हणतात की त्याआधीच बरा होता.

मुंबईत आता हे जागोजागी चाललं आहे. १८६८चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२मध्ये सत्तावीस तासांचा ब्लॉक घेऊन पाडला, जुलै २०२५मध्ये तिथे सिंदूर नावाचा नवा पूल आला. १९१२चा सायनचा पूल बंद झाला, मग प्रभादेवीचा एल्फिन्स्टन. प्रत्येक ठिकाणी तेच. खालचे रूळ केसभर हलत नाहीत, हलायचं ते बाकीच्यांनी. आणि बाकीच्यांत कोण कोण येतं, हे पुलावरून जाताना दिसत नाही. बर्फीवाल्याला उचलायला तज्ज्ञ आले याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. उत्तम काम झालं. फक्त रात्री कधीतरी तो तेराशे सत्त्याण्णवचा आकडा आठवतो.

त्या दिवाळीत मामांकडे गेले. खूप दिवसांनी, आणि या वेळी टेप घेऊन. वेडेपणा वाटेल, पण पर्समध्ये शिवणाची टेप टाकली होती. दुकानासमोरच्या भिंतीला लावली. एकशे शेहेचाळीस सेंटीमीटर. बोळीतला डांबराचा थर धरला तर दीड होतं.

मग मागे वळले, तर दुकान ओळखू येईना. जमीन उंच झाली होती. मामांनी मुरूम आणि विटांचा भराव टाकून दुकान अडीच फूट वर घेतलं होतं, पुढे तीन पायऱ्या. चढाचं पाणी पावसाळ्यात थेट भट्टीत शिरायचं, हे एक कारण. दुसरं मामेभावाने हळूच सांगितलं. ‘गाडीवाल्याला निदान बरणी दिसावी म्हणून.’ पण छप्पर उचलायचे पैसे नव्हते, ते होतं तिथेच राहिलं. त्यामुळे आता आत शिरताना वाकावं लागतं. पंखा काढून टाकला आहे. बाकड्यावर बसलं की पत्रा हाताला लागतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. मामा आता सत्तरीत आहेत, वाकूनच तळतात, आणि त्यांची पाठ आता सरळ उभं राहिल्यावरही तेवढीच वाकलेली असते.

‘किती दिवस लागले मामा?’

‘एक पावसाळा. रात्री करायचो. दिवसा गिऱ्हाईक असतं ना.’ मग स्वतःच हसले. ‘एखादं.’

मी चहा घेत होते तेव्हा मालगाडी आली. घंटी नाही, फाटक नाही, नुसता लांबून येणारा धडधडाट आणि बरणीचं झाकण वाजायला लागलं. मामांनी पातेल्यात हात घातला आणि घाणा सोडला. गिऱ्हाईक मी एकटीच होते. मामेभाऊ माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘राहू दे’ म्हणाला. आम्ही दोघं मनातल्या मनात डबे मोजत होतो. त्याचे अठ्ठावन्न झाले, माझे सत्तावन्न.

निघायच्या आधी फोटो काढायचा ठरवलं. त्याच्या त्या मेसेजचं देणं होतं. पण आठ फुटांच्या बोळीत पाठ भिंतीला लावून उभं राहिलं तरी दुकान पूर्ण येईना, आणि भिंत तर माझ्या मागे. दोन्ही एका फोटोत बसवायचं म्हणजे लांब जायला हवं, आणि लांब जायला जागा नाही. म्हणून गिरणीपर्यंत मागे गेले आणि चढाला लागले. पुलावरून, कठड्याशी उभी राहून, खाली बघितलं. पत्रा दिसत होता, बरणी दिसत होती, नानकटाईसुद्धा मोजता आली असती. मामा दिसत नव्हते, फक्त झारा धरलेला हात पत्र्याच्या बाहेर येऊन हलत होता, मला दिसावा म्हणून.

मी फोन वर केला, तोच मागून ट्रकने हॉर्न दिला. लांबलचक. तिथे थांबायला जागा नव्हती.